शेततळ्यातल्या माशांना शेवाळाचं खाद्य : हिशेब बसतो का?

तळ्यातमळ्यात | ३ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. पहिलाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

इंदापूर तालुक्यात माझी दोन शेततळी आहेत. मोठं साधारण एकराचं, त्यात तीन वर्षं पंगस मासा करतोय. गेल्या हंगामात साडेचार टन माल निघाला, तळ्यावर किलोला ९० रुपये मिळाले. म्हणजे ४ लाख ५ हजार. ऐकायला बरं वाटतं. त्यातले २ लाख ८३ हजार एकट्या खाद्याला गेले (पावणेसात टन, सरासरी ४२ रुपयांनी). बीज, वीज, राखणदार, जाळंवाले वजा जाता हातात काय उरलं ते मी घरीसुद्धा सांगितलेलं नाही.

परवा एक गृहस्थ येऊन गेले. म्हणाले, १००० चौरस मीटरच्या टाक्या बांधा, त्यात स्पिरुलिना नावाचं शेवाळ वाढवा. साठ टक्के प्रथिनं, ऊन फुकट, पाणी फुकट. तेच माशांना घाला, उरलेला माल आम्ही विकत घेऊ. सोबत 'शाश्वत मत्स्यखाद्य' असं छापलेलं गुळगुळीत कागदाचं पुस्तक. खर्च ९ लाख.

मला विकण्यात रस नाही. प्रश्न सरळ आहे, खाद्याचं बिल निम्म्यावर आणायला शेवाळ कामाला येईल का? कुणी केलंय का?

अवांतरकर | ३ जून, रात्री ९:५२

पाणी फुकट? इंदापुरात? त्या गृहस्थांना मे महिन्यात परत बोलवा.

वाचनमात्र | ३ जून, रात्री १०:०५

वाखूसा (वाचनखूण साठवली). शेंगदाणे घेऊन बसलोय.

हिशेबनीस | ३ जून, रात्री ११:३०

आधी एक सवय लावून घ्या. खाद्याचा भाव किलोवर बघू नका, त्यातल्या प्रथिनाच्या किलोवर बघा.

तुमचं पेलेट (दाणेदार खाद्य) ४२ रुपये, प्रथिन साधारण २६ टक्के धरतो. म्हणजे एक किलो प्रथिन १६१ रुपयांना पडतं, आणि त्यात पिष्ट, तेल, खनिजं, पेलेट तरंगवायची मजुरी सगळं आलं. सोयाबीनची डीओसी (तेल काढलेली पेंड) ३८ रुपये धरली आणि प्रथिन ४६ टक्के, तर किलोभर प्रथिन ८३ रुपयांत. फिशमील (सुक्या माशाची भुकटी) ११० रुपये आणि ५५ टक्के, तर २०० रुपये. आता स्पिरुलिना. साठ टक्के प्रथिन खरं आहे, पुस्तक खोटं बोलत नाही. पण तिला डीओसीशी टक्कर द्यायची तर ती सुकवून, भुकटी करून किलोला ५० रुपयांत तयार व्हायला हवी. फिशमीलशी बरोबरी करायची तर १२० रुपयांत. बाजारात घाऊक स्पिरुलिना चारशेच्या खाली मला कधी दिसलेली नाही. विकणाऱ्याचा नफा निम्मा धरला तरी दोनशे उरतात.

दुसरी गोष्ट जागेची. आपल्याकडे उघड्या टाकीत दिवसाला चौरस मीटरमागे ७ ग्रॅम सुकं शेवाळ सातत्यानं निघालं तर चांगलं म्हणायचं. पावसाळ्याचे दिवस वगळून २८० दिवस धरा, वर्षाला मीटरमागे दोन किलो. तुमच्या पावणेसात टन खाद्यात पावणेदोन टन प्रथिन आहे. ते सगळं स्पिरुलिनातून द्यायचं तर २९०० किलो भुकटी, म्हणजे साडेचौदा गुंठे टाक्या. टाकीत पाणी वीतभर, २० सेंटिमीटर. तरी ते २ लाख ९० हजार लिटर होतं. त्यात स्पिरुलिनाला लागणारा खायचा सोडा पुस्तकातल्या प्रमाणात, लिटरला १६.८ ग्रॅम, घातला तर पावणेपाच टन. पावणेपाच टन सोडा! पंचक्रोशीतल्या भजीवाल्यांचे दोन जन्म निघतील. बरेच जण निम्म्या प्रमाणात भागवतात, तरी सुरुवातीलाच ८०-८५ हजार गेले.

भुकटी करायला मजूर, पाणी ढवळणारं पॅडल फिरवायला वीज आणि ९ लाखांचं व्याज मी अजून धरलेलंच नाही.

बांगडाप्रेमी | ४ जून, सकाळी ७:१५

हिशेबनीस, दंडवत. पण सगळं रुपयातच मोजायचं का? फिशमील कशाचं होतं ते किनाऱ्यावर येऊन बघा. तारली, बांगड्याची पिल्लं, जाळ्यात आलेलं सगळं 'कचरा मासळी' म्हणून ट्रकात भरून कारखान्यात जातं. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं ५४ जातींसाठी पकडायच्या माशाची किमान लांबी ठरवली, ते उगाच नाही. समुद्रातला मासा दळून तळ्यातला मासा वाढवायचा हा उलटा व्यवहार आहे. आणि बांगड्यातलं ओमेगा-३ बांगडा स्वतः बनवत नाही, ते मुळात शेवाळातून येतं. मग शेवाळच थेट घातलं तर काय वाईट?

हिशेबनीस | ४ जून, सकाळी ८:०२

@बांगडाप्रेमी, तुमचं दुखणं खरं, पण पत्ता चुकला. पंगसच्या पेलेटमध्ये फिशमील नावापुरतं असतं. त्यात असतो मुख्यतः सोया, तेल काढलेला भाताचा कोंडा, मका. यांनी स्पिरुलिना घातली तर तारली वाचणार नाही, लातूर-वाशिमच्या सोयाबीनचं गिऱ्हाईक कमी होईल. तिकडे २०२४-२५ च्या हंगामात ४८९२ चा हमीभाव जाहीर असून बाजारात तेवढे मिळत नव्हते. त्यांच्याही पोटावर पाय नको.

सोया महागला तर चित्र बदलतं, हे मान्य. २०२१ मध्ये डीओसी इतकी चढली होती की सरकारनं ऑगस्टमध्ये १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करू दिली. पण तेव्हासुद्धा स्पिरुलिना स्पर्धेत नव्हती.

खानदेशी ठेचा | ४ जून, दुपारी १:२०

भाऊ, मी केलंय. बसा जरा, मोठं आहे.

२०१८ साली एका कंपनीनं आमच्याकडे असंच पुस्तक आणलं होतं. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, फोन बंद आहे. आम्ही तिघांनी मिळून टाक्या बांधल्या, पन्नी अंथरली, पॅडल बसवले. पहिले दोन महिने हिरवंगार पीक. फडक्यातून गाळलं की निघणारा गोळा पाहून मन भरून यायचं. वासही वाईट नाही, ओल्या गवतासारखा.

मग एप्रिल लागला. आमच्याकडची वावटळ माहीत असेल, सगळा फुफाटा टाकीत. दुसऱ्याच जातीचं हिरवं शेवाळ शिरलं, ते इतकं बारीक की फडक्यातून निघून जायचं. स्पिरुलिनाचं एक बरं असतं, ती लांब पिळाच्या धाग्यासारखी, कापडावर अडकते. दुसरी शेवाळं गाळायला सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून पाणी वेगळं करणारं यंत्र) लागतं आणि त्याची किंमत ऐकून आम्ही गप्प बसलो. टाकी धुवा, नवा सोडा घाला, नवं बियाणं आणा. जूनमध्ये एका रात्री सव्वादोन इंच पाऊस, पाणी फिकं पडून सामू (पीएच) घसरला. सामू साडेनऊ-दहाच्या खाली आला की बाकीच्या जंतूंना आमंत्रणच.

पण खरा मार सुकवण्यात बसला. लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम शेवाळ असतं हो! किलोभर भुकटीसाठी दोन हजार लिटर पाणी गाळायचं. पिळून काढलेल्या गोळ्यातही ऐंशी टक्के पाणीच. गच्चीवर सुकवलं तर रंग उडतो, माश्या बसतात, ढग आले तर आंबतं. ड्रायर घेतला तर वीज.

कंपनीनं पहिला लॉट घेतला, दुसऱ्याला 'दर्जा बसत नाही' म्हणाली, तिसऱ्याला फोन उचलला नाही. १८० किलो भुकटी घरात पडून. आईनं शेवटी भाकरीच्या पिठात घालून पाहिली. वडील दोन दिवस जेवायला शेजारी गेले.

अवांतरकर | ४ जून, दुपारी १:४१

आधी इमू, मग कडकनाथ, मग बायोफ्लॉक, आता स्पिरुलिना. पुस्तक तेच असतं का हो, फक्त मुखपृष्ठावरचा प्राणी बदलतात?

हिशेबनीस | ४ जून, दुपारी २:१०

@ठेचा, तुमच्या सुकवण्याचा आकडा मांडतो, कारण सगळं त्यातच दडलंय. किलोभर भुकटीसाठी पाच किलो गोळा, म्हणजे चार लिटर पाणी उडवायचं. एक लिटर पाण्याची वाफ करायला कमीत कमी ०.६३ युनिट लागतं, हा निसर्गाचा दर आहे, त्यात सवलत नाही. चार लिटरला अडीच युनिट, प्रत्यक्षातला ड्रायर निम्मी उष्णता वाया घालवतो म्हणून साडेचार-पाच धरा. ८ रुपये युनिटनं ३६ ते ४० रुपये.

म्हणजे नुसत्या सुकवण्याच्या विजेत तळ्यातमळ्यात यांचं एक किलो तयार पेलेट येतं. दारात पोचवून.

तळ्यातमळ्यात | ४ जून, रात्री ८:३०

बाप रे. हे कुणीच सांगितलं नव्हतं. पण एक शंका. मला भुकटी करायचीच नाही. तळं शेजारीच आहे, ओला गोळाच माशांना टाकला तर? सुकवणं वाचलं की नाही?

शिरगावची सुरमई | ४ जून, रात्री १०:१२

शंका अगदी बरोबर जागी आली. ओलं वापरणं हाच शेवाळाच्या व्यवहारातला शहाणपणा आहे, आणि हॅचरीवाले (अंड्यातून पिल्लं काढणारे) तो कायम वापरतात.

मी रत्नागिरीच्या शिरगाव कॉलेजची. शिकून झाल्यावर पाच वर्षं तमिळनाडूत मरक्काणमजवळ कोळंबीच्या हॅचरीत काढली. व्हॅनामीचं पिल्लू अंड्यातून निघालं की पहिला दीड-दोन दिवस पोटातल्या पिवळ्यावर जगतं, मग झोइआ अवस्थेत त्याला जिवंत शेवाळ लागतं. तिथं पेलेट चालत नाही, पिल्लाचं तोंडच तेवढं नसतं. आम्ही कीटोसेरॉस वाढवायचो. परीक्षानळीतून चंबूत, चंबूतून काचेच्या मोठ्या बरणीत, तिथून हजार लिटरच्या टाकीत. सुरुवातीची खोली वातानुकूलित, आत जाताना चप्पल बाहेर, हात स्पिरिटनं धुवायचे. आम्ही त्या खोलीला देवघर म्हणायचो. हॅचरीच्या मालकालासुद्धा विचारल्याशिवाय आत प्रवेश नव्हता.

किलोचा हिशेब काढला तर ते शेवाळ सोन्याच्या भावात पडेल. पण तिथं कुणी किलो विचारत नाही. एका झोइआला लागतं किती? टाकी मात्र एकदा बिघडली की वीस-तीस लाख पिल्लं एका रात्रीत तळाला. पिल्लू विकलं जातं तीस-चाळीस पैशाला, लाखांनी. अशा ठिकाणी शेवाळाचा खर्च हा विम्याचा हप्ता समजायचा.

एक किस्सा. एकदा रात्रपाळीच्या पोरानं मोबाइल चार्ज करायला एअर पंपाची पिन काढली आणि झोपला. कीटोसेरॉसला कवच सिलिकाचं, जड, ढवळणं थांबलं की खाली बसतं. सकाळी सहाला टाकी वर काचेसारखी स्वच्छ आणि तळाशी तपकिरी चादर. मालक काही बोलला नाही, नुसता पिन हातात घेऊन दिवसभर फिरत होता.

भिगवणचा बगळा | ५ जून, सकाळी ६:०५

सुरमईताई, मस्त. आता म्हाताऱ्याचं ऐका.

तुम्ही सगळे शेवाळ वेगळ्या टाकीत वाढवून, गाळून, आणून तळ्यात टाकायच्या गोष्टी करताय. अरे बाबांनो, तळं म्हणजेच शेवाळाची टाकी नव्हे का? मी तीस वर्षं कटला-रोहू-मृगळ करतोय. पाणी भरायच्या आधी हेक्टरी दोन-अडीचशे किलो चुना, मग शेणखत, थोडं सुपर फॉस्फेट. आठ-दहा दिवसांत पाणी पोपटी होतं. कोपरापर्यंत हात पाण्यात घालायचा. तळवा दिसेनासा झाला की खत बंद, बोटंनबोटं स्वच्छ दिसली की अजून टाका. हे माझं यंत्र, पन्नास वर्षं जुनं आणि दुरुस्तीला कधी गेलं नाही.

त्या हिरव्या पाण्यातलं वनस्पती-प्लवंग, म्हणजे तरंगणारं बारीक शेवाळ, चंदेऱ्या (सिल्व्हर कार्प) थेट गाळून खातो. त्यावर जगणारे बारीक जीव कटला खातो. कापणीही मासाच करतो आणि सुकवणीही त्याच्या पोटात. कोंडा नि शेंगदाणा पेंड वरून थोडीच लागते. एकरी साडेचार टन नाही निघत, दीड-दोन निघतो. पण खाद्याचं बिल निम्मंसुद्धा नसतं.

तळ्यातमळ्यात यांची अडचण अशी की पंगस हे खात नाही. तो पेलेटचा नवरदेव.

हिशेबनीस | ५ जून, सकाळी ९:३०

बगळेकाका, हा धाग्यातला सगळ्यात स्वस्त प्रतिसाद आहे, चांगल्या अर्थानं. दोन शंका. एक, शेततळ्याला खाली पन्नी असते. मातीच नसेल तर खत धरून ठेवणार कोण? दोन, एकरी दीड टन आणि साडेचार टन यात जागेचं भाडं, पाण्याचा खर्च धरला तर?

भिगवणचा बगळा | ५ जून, दुपारी १२:४४

१. पन्नीच्या तळ्यात शेण सरळ ओतायचं नाही. गोणीत भरून कडेला टांगायचं, चहाच्या पुडीसारखं. थोडं थोडं सुटतं. मातीच्या तळ्याएवढं जमत नाही हे कबूल.

२. चंदेऱ्याला भाव कमी, काटे फार, हेही कबूल. कटला-रोहू बरे विकतात. पण पंगसमध्ये किलोला ६३ रुपये खाद्य घालून ९० ला विकताय. भाव ७० झाला की मासा तुम्हाला खातो. माझ्या तळ्यात भाव पडला तर मी थांबतो, शेणाला व्याज नाही.

आणि हिरवं पाणी हे दुधारी असतं, हे सांगायचं राहिलं. २०१६ च्या ऑगस्टात सलग पाच दिवस झाकोळ. पाणी आधीच गर्द हिरवं झालेलं. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, पण रात्री माशांसारखंच घेतं. पाचव्या दिवशी पहाटे चारला उठलो तर सगळं तळं वर तोंड काढून पाणी गिळतंय. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) नव्हता. दिवस उगवेपर्यंत आठ क्विंटल गेले. कटला सगळ्यात आधी जातो.

बांगडाप्रेमी | ५ जून, दुपारी १:०२

वाईट वाटलं काका.

बाकी गोड्या पाण्यातल्या माशाला येणारा तो मातकट वासही या शेवाळाचाच ना? खाडीचा मासा तो मासा, एवढं बोलून मी खाली बसतो.

शिरगावची सुरमई | ५ जून, दुपारी १:३०

हो, जिओस्मिन. काही निळं-हिरवं शेवाळ आणि काही जिवाणू ते तयार करतात, पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास तोच. विकायच्या आधी काही दिवस मासा स्वच्छ वाहत्या पाण्यात उपाशी ठेवला की जातो. आणि बांगडाप्रेमी, पानात वाढताना न सांगता कटला दिला तर तुम्हीसुद्धा दुसऱ्यांदा मागाल. लावता पैज?

अवांतरकर | ५ जून, दुपारी १:३६

पैजेला साक्षीदार म्हणून मी जेवायला येतो.

फ्योर्डवासी | ५ जून, रात्री ११:५०

नॉर्वेत बर्गनला असतो, सॅमन माशाच्या खाद्याशी रोजचा संबंध. इकडचं चित्र सांगतो, कारण 'शाश्वत खाद्य' हा शब्द इकडूनच फिरत फिरत त्या पुस्तकात गेला असणार.

१९९० मध्ये इथल्या सॅमनच्या खाद्यात ९० टक्के भाग समुद्रातला होता, फिशमील आणि माशाचं तेल. २०२० मध्ये तो २२ टक्क्यांवर आला. तुम्हाला वाटेल जागा शेवाळानं घेतली. नाही. ती घेतली ब्राझीलच्या सोयानं आणि मोहरीच्या भावकीतल्या रेपसीडच्या तेलानं. किडे, जिवाणूंची प्रथिनं, शेवाळ ही सगळी नवी मंडळी मिळून २०२० मध्ये ०.४ टक्के. जगातला सगळ्यात श्रीमंत मत्स्यपालन धंदा, ग्राहक पैसे मोजायला तयार, तरी ०.४.

पण एका जागी शेवाळ पक्कं बसलंय. सोयातून प्रथिन मिळतं, ओमेगा-३ मधलं डीएचए मिळत नाही. ते माशाच्या तेलातून येतं आणि ते तेल मोठ्या प्रमाणात पेरूच्या अँकोव्हीचं. २०२३ मध्ये एल निन्योमुळे आणि पाण्यात पिल्लंच जास्त सापडल्यामुळे पेरूनं मध्य-उत्तर किनाऱ्यावरचा पहिला हंगाम रद्दच केला. तेलाचे भाव पूर्वी कधी नव्हते इतके चढले. तेव्हा शेवाळाचं तेल एकदम 'परवडणारं' झालं.

गंमत म्हणजे हे शेवाळ उन्हात वाढतच नाही. शिझोकायट्रियम नाव. शास्त्रज्ञ त्याला खरं शेवाळही मानत नाहीत. बंद पोलादी टाक्यांत, अंधारात, साखर खाऊन वाढतं. अमेरिकेत नेब्रास्कात ब्लेअरला व्हेरामारिस कंपनीनं २० कोटी डॉलर घालून कारखाना टाकला, मक्याच्या पट्ट्यात. कॉर्बियन कंपनीचा ब्राझीलमध्ये उसाच्या गिरणीला लागून आहे.

उसातला कोल्हा | ६ जून, सकाळी ७:२०

ऊस म्हटला की आम्ही आलो. साखर आमच्याकडे, मळी आमच्याकडे. मग हे कोल्हापुरात का नको? आणि उन्हात वाढणाऱ्या शेवाळाला कार्बन डायऑक्साइड लागतो म्हणतात. डिस्टिलरीच्या फरमेंटरमधून तो जवळजवळ शुद्ध निघतो. काही ठिकाणी बाटलीबंद करतात, बाकी आभाळात. तो पकडून शेवाळ केलं तर?

हिशेबनीस | ६ जून, सकाळी १०:१५

कोल्हेसाहेब, दोन्ही कल्पना कागदावर सुंदर आहेत, म्हणून कागदावरच तपासू.

डिस्टिलरी ६० हजार लिटर रोजची धरा. लिटर इथेनॉलमागे पाऊण किलो वायू, म्हणजे रोज ४५ टन. किलोभर शेवाळाला १.८ किलो वायू लागतो, म्हणजे रोज २५ टन शेवाळ. ऐकून छाती फुगते. आता ७ ग्रॅमच्या दरानं टाक्या मोजा. साडेतीनशे हेक्टर! पावणेनऊशे एकर उसाची जमीन काढून वीतभर पाण्याच्या टाक्या. कारखान्याच्या सभेत हा ठराव मांडायला जाताना हेल्मेट घाला. वायू फुकट आहे, जागा, पाणी आणि ऊन पसरलेलं असतं ही अडचण आहे.

आता साखर खाणारं शेवाळ. एक किलो साखरेतून निसर्गनियमानंच साधारण तिसऱ्या हिश्शाहून जास्त तेल निघू शकत नाही, व्यवहारात पाचवा हिस्सा धरा. ४० रुपयांची साखर पाच किलो, किलोभर तेलाला दोनशे रुपये नुसता कच्चा माल. वर निर्जंतुक टाक्या, हवा, वीज. माशाचं तेल महाग असताना बसतं, उतरलं की नाही. इथेनॉलला मात्र तेल कंपन्यांचं ठरलेल्या दराचं गिऱ्हाईक आहे. तुमचा अध्यक्ष कुठं जाईल?

उसातला कोल्हा | ६ जून, सकाळी १०:३१

अध्यक्ष मुंबईला जाईल. :)

समजलं. पण डीएचए निवडणुकीनंतर परत काढतो.

फ्योर्डवासी | ६ जून, दुपारी ४:००

हिशेबनीस यांच्या आकड्यांना पुरवणी. नेदरलँड्सच्या वाखेनिंगेन विद्यापीठाच्या मंडळींनी २०११ मध्ये उन्हातल्या शेवाळाचा उत्पादन खर्च काढला होता. उघड्या तळ्यात किलोला ४.९५ युरो, नळ्यांच्या यंत्रणेत ४.१५. तेव्हाच्या दरानं तीनशे रुपयांच्या आसपास. सगळं आदर्श झालं, ऊन भरपूर, वायू आणि खतं जवळजवळ फुकट, तर ०.६८ युरो. पुस्तकं छापणारे तो ०.६८ उचलतात आणि 'आदर्श' हा शब्द छपाईत गळतो.

याच आदर्शाच्या मागे एक्सॉन या तेल कंपनीनं २००९ पासून शेवाळाच्या इंधनावर पैसा ओतला आणि २०२३ मध्ये गाशा गुंडाळला. पेट्रोल जमलं नाही म्हणून बरेच लोक चाऱ्याकडे वळले, चारा जमला नाही म्हणून कॅप्सूलकडे.

वाचनमात्र | ६ जून, दुपारी ४:४८

माझा पहिला प्रतिसाद! आमच्या लोणारच्या सरोवरात स्पिरुलिना आपोआप वाढते म्हणे, खरं का? मग तिथून आणता येईल?

शिरगावची सुरमई | ६ जून, संध्या. ६:१०

वाचनमात्र लिहिते झाले! खरं आहे. पाणी खारं, सोड्याचं, सामू दहाच्या आसपास, त्यात दुसरं फारसं टिकत नाही म्हणून स्पिरुलिनाचं राज्य. ते हिरवं दिसायचं त्यामुळेच. जून २०२० मध्ये गुलाबी झालं तेव्हा आघारकर संस्थेनं तपासून मीठप्रेमी सूक्ष्मजीव कारण सांगितले होते. पण ते अभयारण्य आहे, बादली घेऊन जाऊ नका.

आफ्रिकेत चाड देशात असल्याच सोड्याच्या डबक्यांमधून बायका ती शतकानुशतकं गोळा करतात, वाळूवर सुकवून वड्या पाडतात, कालवणात घालतात. टाकी नाही, सोडा विकत नाही, पॅडल नाही. इतकं सगळं फुकट असूनसुद्धा त्या ती माणसांना खायला घालतात, माशांना नाही.

खानदेशी ठेचा | ६ जून, रात्री ९:०५

माझ्या १८० किलोचं पुढं काय झालं ते राहिलंच. पोरगा कुर्ल्याला शोभेच्या माशांच्या बाजारात घेऊन गेला. तिथल्या एका दुकानदारानं थोडी थोडी करत जवळजवळ सगळी घेतली, किलोला साडेतीनशेनं. गोल्डफिश नि कोईला घातली की लाल-केशरी रंग खुलतो म्हणे. मासा विकला जातो रंगावर आणि खातो चिमूटभर. तोटा भरला नाही, पण वडील घरी जेवायला लागले.

तळ्यातमळ्यात | ७ जून, सकाळी ६:५०

सगळ्यांचे आभार. त्या गृहस्थांना 'नाही' असं कळवलं. ते म्हणाले, 'तुमच्या शेजाऱ्यांनी बुकिंग केलंय.' शेजाऱ्याला धाग्याची लिंक पाठवली आहे.

लहान तळ्यात यंदा बगळेकाकांचा प्रयोग करतो, कटला-रोहू आणि थोडे चंदेरे. आणि सुरमईताई, एक विचारायचं होतं. दरवर्षी बोटुकली (बोटाएवढी झालेली पिल्लं) विकत घेतो ती महाग पडते, मत्स्यबीज आणून घरीच वाढवलं तर मरतं फार. त्या लहान पिल्लांपुरती छोटी टाकी केली, ओलाच गोळा घातला, तर?

शिरगावची सुरमई | ७ जून, सकाळी ८:१५

करून बघा. वीस चौरस मीटर पुरे, रोज सव्वाशे-दीडशे ग्रॅम सुक्याइतका माल निघेल, ओला पाऊण किलो. पाच-सहा हजार पिल्लांच्या खाद्यात सातवा-आठवा हिस्सा. वर पन्नीचं छप्पर घाला, ठेचाभाऊंचा पाऊस आठवा. गोळा गोड्या पाण्यानं दोनदा धुवा, नाहीतर सगळा सोडा नर्सरीत जाईल. कोंडा-पेंडीत मळून लगेच द्या, दुपारपर्यंत ठेवलात तर वास मारेल. खाद्य स्वस्त होईल म्हणून करू नका. जगलेली पिल्लं मोजा.

तळ्यातमळ्यात | १९ ऑक्टोबर, रात्री ९:२०

धागा वर काढतोय, कारण काहींनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं.

टाकी केली. पन्नी, बांबू, जुन्या कूलरची मोटर, सोडा, बियाणं मिळून ३१ हजार लागले. जुलैत ढगांमुळे दहा दिवस नुसती हिरवट पाणचट, काही निघालं नाही. ऑगस्टपासून रोज अर्धा-पाऊण किलो गोळा. बीज सहा हजार सोडलं होतं, बोटुकली झाल्यावर मोजली तर ४१०० च्या वर भरली. गेल्या वर्षी पाच हजारांतली दोन हजार हाती लागली होती. लहान तळ्याचं पाणी पोपटी आहे, हात कोपरापर्यंत घालतो रोज. बायको म्हणते, देवाला नमस्कार करायला एवढा वाकत नाहीस.

पंगसचं बिल आहे तेवढंच आहे.

भिगवणचा बगळा | २० ऑक्टोबर, सकाळी ५:५५

शाब्बास. ढग आले की एरेटर तयार ठेव.

हिशेबनीस | २० ऑक्टोबर, सकाळी ९:१०

अभिनंदन! पण एक खडा टाकतोच. स्पिरुलिना न घालता, त्याच तळ्यात, त्याच बिजाची एखादी हापा जाळी (तळ्यात टांगायचा जाळीचा पिंजरा) वेगळी ठेवली होती का? नाहीतर ही जास्तीची पिल्लं शेवाळानं वाचवली, की यंदा तुम्ही रोज कोपरापर्यंत हात घालून लक्ष ठेवलंत त्यानं, हे कळणार कसं?

तळ्यातमळ्यात | २० ऑक्टोबर, सकाळी ९:४४

नव्हती ठेवली. :( पुढच्या जुलैत दोन हापे लावतो. जाळी कुठली घेऊ, मच्छरदाणीची चालेल का?